एक मोबाईल, चार वह्या

"चौघींची आई एकच आहे का गं?" सरांनी विचारलं आणि वर्गात हशा पिकला. मीही हसले. हसून झाल्यावर कळलं की ते आमच्याबद्दल बोलत होते.

हे दुसऱ्या वर्षाचं. मी नाशिकच्या एका कॉलेजात बी.ए. करते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे कुठंही गेलं तरी आधी दारात थांबायची मला सवय आहे. ऑफिसात, ग्रंथालयात, अगदी कॅन्टीनमध्येसुद्धा. कुणी 'ये' म्हटल्याशिवाय पाय आत पडत नाही. अशी असून मी त्या वर्षी जे केलं, ते कसं केलं हे मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. पण कॉलेजात ती गोष्ट 'कॉपी करणाऱ्या चार मुली' अशी सांगितली जाते. म्हणून लिहिते.

समाजशास्त्राच्या सरांनी प्रकल्प दिला होता. विषय होता, डिजिटल तंत्रज्ञानाचा विद्यार्थ्यांवर आणि समाजावर होणारा परिणाम. पाच पानं, मराठीत, टाईप करून कॉलेजच्या पोर्टलवर अपलोड करायची. वीस गुण. त्यातले आठ मिळाले नाहीत तर विषय राहतो. आणि आमच्या वसतिगृहाचा नियम असा की विषय राहिला तर पुढच्या वर्षीची जागा जाते. शहरात भाड्यानं खोली घेऊन शिकणं आमच्यापैकी कुणालाच शक्य नव्हतं. जागा गेली की गाव, आणि दिवाळीनंतर आयांबरोबर द्राक्षाच्या बागेत.

आम्ही चौघी पेठ तालुक्यातल्या एकाच गावच्या, पण तीन वेगवेगळ्या पाड्यांवरच्या. एक माझी चुलत बहीण, अक्षर मोत्यासारखं आणि राग नाकावर. एक वरच्या पाड्याची, जिच्या तोंडाला लगाम नाही. आणि एक खालच्या पाड्याची, फार कमी बोलणारी, पटकन डोळ्यांत पाणी येणारी. आम्ही तिला लाडानं 'रडूबाई' म्हणतो. ती रागावत नाही.

मोबाईल माझ्याकडे होता. भावाचा जुना, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला. वरच्या पाड्याच्या मैत्रिणीकडे बटणांचा होता, त्यावर फक्त बोलता यायचं. बाकी दोघींकडे तोही नव्हता. ऑनलाइन जे काही येईल ते माझ्या मोबाईलवर करायचं, हे पहिल्या वर्षीच होऊन गेलं. कुणी तसं ठरवलं नव्हतं.

दुपारच्या जेवणानंतर वसतिगृहाच्या मागच्या पायऱ्यांवर सावली येते. तिथं आम्ही बसायचो. एकीनं मोबाईल धरून मोठ्यानं वाचायचं, तिघींनी ऐकायचं. मग मोबाईल उलटा ठेवायचा आणि वाचलेलं आपल्या शब्दांत सांगायचं. एक सांगते, दुसरी म्हणते, "असं नको, असं म्हण." तिसरी म्हणते, "हे सरांना कळंल, पण तुला कळलं का?" वाक्य सगळ्यांना पटलं की आम्ही चौघी ते आपापल्या वहीत उतरवायचो. आश्रमशाळेत आम्ही असंच शिकलो. तिथं पुस्तकं उशिरा यायची, बाकाला एकच असायचं. गुरुजी म्हणायचे, "एकानं वाचा, बाकीच्यांनी लिहा." ही शिकण्याची एक पद्धत आहे असंच मला वाटायचं. ती गुन्ह्यात मोडते हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं.

प्रकल्पातल्या पहिल्या तीन पानांत नेटवर सापडलेलं होतं, आमच्या शब्दांत केलेलं. ऑनलाइन तास, परीक्षांचे फॉर्म, मोबाईलमुळे कमी झालेलं वाचन, असं. चौथ्या पानावर आम्ही अडलो. सरांनी सांगितलं होतं, स्वतःच्या अनुभवातलं एक उदाहरण द्या. आम्हाला काही सुचेना. वरच्या पाड्याची म्हणाली, "लिहा, आमच्या गावात टेकडीवर चढल्याशिवाय रेंज येत नाय. त्यामुळं तब्येत चांगली राहते."

हसणं थांबल्यावर रडूबाई हळूच बोलली. इतकं हळू, की तिला दोनदा सांगायला लावलं.

"माझ्या आईकडे मोबाईल नाही. पण रोज सकाळी बागेत मुकादम टोळीचा फोटो काढतो आणि मालकाला पाठवतो. फोटोत असली तर आईची हजेरी, नसली तर खाडा. माझी आई रोज मोबाईलमध्ये असते. पण तिनं तो फोटो कधी पाहिलेला नाही."

 मग चुलत बहीण म्हणाली, "परत सांग. हळू." आणि चौघींनी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. 'माझी आई' यातला 'माझी' बदलायला हवा, हे कुणाच्याच मनात आलं नाही. चौघींच्या आया त्याच टोळीत होत्या. चौघींसाठी ते खरंच होतं.

टाईप करायला तीन दिवस लागले. माझ्या मोबाईलवर, आळीपाळीनं, प्रत्येकीनं आपल्या वहीतून, एका अंगठ्यानं. चौथ्या दिवशी कॉलेजातल्या वायफायवर अपलोड केलं. मोबाईल माझा, म्हणून पहिलं माझं. मग माझं खातं बंद करायचं, दुसरीचं उघडायचं. शेवटी दर वेळी एक चौकोन यायचा. शेजारी लिहिलेलं असायचं: 'सदर प्रकल्प मी स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय पूर्ण केला आहे.' त्या चौकोनात खूण केल्याशिवाय पुढचं बटण दाबलं जायचं नाही. आम्ही चार वेळा खूण केली. एकीनंही वाचलं नाही.

आठवड्यानं सर वर्गात ते आईचं बोलले. तास संपल्यावर त्यांनी मला एकटीला विभागात बोलावलं. मी दारात थांबले.

"ये, ये," सर म्हणाले. त्यांच्या लॅपटॉपवर आमची पानं होती, जवळजवळ सगळी लाल. "हे बघ. सॉफ्टवेअर चौघींत एक्क्याण्णव टक्के सारखेपणा दाखवतंय. पण तू घाबरू नकोस. तुझं पहिलं आलंय, चार वाजून दहा मिनिटांनी. बाकीच्यांचं त्यानंतर. म्हणजे मूळ तुझं. त्या तिघींनी तुझ्यावरून उतरवलं."

मी त्या लाल ओळींकडे बघत राहिले.

"चांगलं लिहिलंयस," सर पुढं म्हणाले. "विशेषतः ते आईचं. या तिघींना शून्य द्यावं लागेल आणि माफीनामा घ्यावा लागेल. तू फक्त लिहून, सही करून दे, की प्रकल्प तुझा आहे आणि तो तू कुणाला दिला नव्हतास."

त्यांनी माफीनाम्याचे तीन छापील कागद माझ्या हातात दिले, त्या तिघींना द्यायला. त्यावर 'वाङ्मयचौर्य' असा शब्द होता. मी तो आधी कधी वाचला नव्हता, पण त्यातलं चौर्य कळत होतं.

मी 'बरं सर' म्हणाले. हे मला लपवायचं नाही. मी 'बरं सर' म्हणाले आणि बाहेर आले. जिन्यात माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट ही होती, की माझी जागा वाचली. दुसरी गोष्ट दोन मजले उतरल्यावर आली. आईचं ते वाक्य माझं नव्हतंच. ज्या मुलीचं होतं तिला शून्य मिळणार होतं, आणि ते माझ्या नावावर राहणार होतं. चोरी अजून झाली नव्हती. ती करायला मला सांगितलं होतं.

खोलीत तिघी वाट बघत होत्या. मी कागद देऊन सगळं सांगितलं. वरच्या पाड्याची आधी बोलली.

"मग बरंय की. तू म्हण, माझं आहे. निदान एक तरी सुटंल. आम्ही बागेत जाऊ, तू सुट्टीत आम्हाला भेटायला ये. येताना भेळ आण."

"गप बस," चुलत बहीण म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "पण तिचं खरं आहे. चौघी बुडून काय फायदा?"

रडूबाई रडली नाही. तिनं तो कागद घडी करून पुस्तकात ठेवला. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी एसटीनं दिंडोरीकडे गेले. आमची टोळी तिथल्या एका बागेत विरळणीला आली होती. द्राक्षाचा घड दाट झाला की त्यातले बारीक मणी छोट्या कात्रीनं काढून टाकतात, त्याला विरळणी म्हणतात. दिवसभर हात वर. साडीवर पुरुषांचे पूर्ण बाह्यांचे शर्ट घातलेल्या बायका रांगांत उभ्या होत्या. आई दिसायच्या आधी तिचा आवाज आला.

"काय गं बाय, परीक्षा सोडून कशी आली?"

"परीक्षा पुढच्या महिन्यात आहे."

"मग अभ्यास सोडून कशी आली?"

मी तिच्या शेजारी उभी राहून सांगायला लागले. सॉफ्टवेअर म्हणजे काय ते सांगायला वेळ लागला. शेवटी मी म्हणाले, मशीननं चौघींचं लिहिलेलं शेजारी-शेजारी ठेवून बघितलं. आईची कात्री थांबली नाही.

"मोठ्या माणसाच्या तोंडाला लागू नये," ती म्हणाली. "सर म्हणतोय तुझं हाय, तर तुझं हाय. दे लिहून आन् मोकळी हो."

पलीकडच्या रांगेत काकी होती, चुलत बहिणीची आई. तिला सगळं ऐकू जात होतं. वेलींच्या मधून तिचा फक्त चेहरा दिसत होता.

"आन् माझ्या पोरीचं काय?" काकीनं विचारलं.

 आईच्या कात्रीचा आवाज तेवढा येत राहिला. काकीनं पुन्हा विचारलं नाही. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण बस दीड तासानं होती. मी बांधावर बसून बघत राहिले.

आईची रांग आधी संपली. ती पाण्याच्या कळशीकडे गेली नाही. काकीच्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिनं तिकडून विरळायला सुरुवात केली. बागेत हे रोजचंच आहे. काम टोळीनं अंगावर घेतलेलं असतं, रांग मागं राहिली तर ज्या मोकळ्या होतात त्या जाऊन पुरी करतात. संध्याकाळी मालक बाग बघतो, अमकी रांग कुणी केली असं विचारत नाही. मी हे लहानपणापासून बघितलंय. पण त्या दिवशी दोघी जावा दोन टोकांनी एकमेकींकडे सरकताना बघून मला वाटलं, हेच मला सरांना सांगायचंय आणि सांगता येत नाहीये.

निघताना आई एवढंच म्हणाली, "ते लिहिलंय कुणी खरं?"

"चौघींनी. आणि तुझ्याबद्दलचं रडूबाईनं."

"माझ्याबद्दल?" आईनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "काय लिहिलं माझ्याबद्दल?"

मी फोटोचं सांगितलं. तिला हसू आलं. तिनं मुकादमाला हाक मारली. मुकादम आमच्याच गावचा, नात्यानं मामा. "ए, आमचा फोटो दाखव की. आमच्या पोरी पुस्तकात लिहितात आन् आमाला दाखवत नाय."

मुकादम मामानं मोबाईल काढला. बायका कात्र्या घेऊन जमल्या. "अगं बया, माझे डोळे मिटलेत, म्हणजे माझा आज खाडा!" एक म्हणाली. "तुझे डोळे कामावरबी मिटलेलेच असतात," दुसरी म्हणाली. मी मामाला तो फोटो माझ्या मोबाईलवर पाठवायला सांगितला. आई स्वतःकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "सही देऊ नको." आणि कामाला लागली.

सोमवारी आम्ही चौघी विभागात गेलो. मी दारात थांबले नाही. म्हणजे थांबले, पण मागून वरच्या पाड्याच्या मैत्रिणीनं ढकललं.

"चौघी एकदम?" सर म्हणाले. "मी एकीलाच बोलावलं होतं."

"सर, मूळ माझं नाही," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "मूळ कुणाचंच नाही. चौघींचं आहे. शून्य द्यायचं तर मलाही द्या. माफीनामा कुणीच देणार नाही."

"तुला कळतंय का तू काय बोलतेयस? तुझं नुकसान होईल."

"हो सर."

सर वाईट नव्हते. ते खरोखर गोंधळले होते. "अगं, पण चौघी 'माझी आई' म्हणून एकाच बाईचं वर्णन करता. त्याचं काय करू मी?"

मी मोबाईल त्यांच्यासमोर ठेवला. "एक बाई नाही सर. चार आहेत. एकाच फोटोत आहेत."

रडूबाईनं पुढं होऊन बोट ठेवलं. ही माझी. चुलत बहिणीनं ठेवलं, ही माझी. वरच्या पाड्याची म्हणाली, "डोळे मिटलेली माझी, सर." सरांनी चष्मा वर करून तो फोटो मोठा करून बघितला. तड्यामुळे एका कोपऱ्यातली बाई दोन झाली होती.

मग मला थांबता आलं नाही. मी म्हणाले, वर्गातल्या एकानं अख्खा प्रकल्प एआयकडून लिहून घेतला, तो स्वतःच कॅन्टीनमध्ये सांगत होता. त्याचा सारखेपणा चार टक्के आलाय. कोण ते मी सांगणार नाही. कुणाचा दादा इंजिनियर आहे, कुणाची आई शिक्षिका आहे, ते घरात बसून समजावतात. ती मदत मशीनला दिसत नाही. आमची मदत दिसते, कारण आमच्याकडे एकच मोबाईल आहे आणि आम्ही मोठ्यानं शिकतो. मशीनला सारखेपणा दिसला, तो होताच, त्यावर माझं म्हणणं नाही. पण त्याला चोरी म्हणा असं मशीननं सांगितलेलं नाही.

इतकं मी कॉलेजात सलग कधी बोलले नव्हते. शेवटी श्वास पुरला नाही.

"आम्हाला विचारा, सर," चुलत बहीण म्हणाली. "कुणालाही विचारा. आम्हाला येतं की नाही ते बघा."

सरांनी सगळ्यात गप्प असलेलीला विचारलं. "डिजिटल दरी म्हणजे काय?"

रडूबाईच्या डोळ्यांत लगेच पाणी आलं. मला वाटलं, संपलं. पण ती तशाच डोळ्यांनी बोलली. "सर, पुस्तकात आहे, ज्याच्याकडे मोबाईल आहे आणि ज्याच्याकडे नाही, त्यांच्यातलं अंतर. पण ज्याच्याकडे नाही तोही मोबाईलमध्ये असतो. दुसऱ्याच्या. त्याचं काय चाललंय ते त्याला सोडून सगळ्यांना दिसतं. मला वाटतं दरी ती आहे."

सरांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, नियमात सामूहिक प्रकल्प बसत नाही, त्या प्रकल्पाला गुण देता येणार नाहीत. पण उद्या रिकाम्या वर्गात चौघींनी चार कोपऱ्यांत बसायचं आणि अनुभवाचा भाग हातानं, कागदावर, समोर लिहून दाखवायचा. त्यावर ते गुण देतील. वरच्या पाड्याची बाहेर आल्यावर म्हणाली, "चार कोपरे! गुन्हेगारांनाबी एका कोठडीत ठेवतात."

आम्ही लिहिलं. चौघींनी आयांबद्दलच लिहिलं, आणि या वेळी त्या वेगवेगळ्या निघाल्या. मी लिहिलं, आईनं स्वतःचा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा ती काय म्हणाली.

कागदाच्या शेवटी सरांनी पोर्टलवरचं तेच वाक्य हमीपत्र म्हणून छापून जोडलं होतं. सदर प्रकल्प मी स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय पूर्ण केला आहे. या वेळी मी ते वाचलं. पहिल्यांदा आम्ही खोटं बोललो होतो, ते एवढंच होतं. न वाचता मारलेली ती खूण. मोबाईलवर त्या चौकोनात खूण करता येते किंवा तिथंच अडकून राहता येतं, तिसरं काही करता येत नाही. कागदावर खोडता येतं. मी 'कोणाच्याही मदतीशिवाय' यावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, वर 'तिघींच्या मदतीने' असं लिहिलं आणि खाली सही केली.

सरांनी कागद गोळा करताना ते बघितलं. "हे चालत नाही," ते म्हणाले.

"खरं तेवढंच आहे, सर."

त्यांनी बाकीचे तीन कागद उलटून बघितले. आम्ही चार कोपऱ्यांत बसलो होतो, बोललो नव्हतो, एकमेकींकडे बघितलंही नव्हतं. तिन्ही कागदांवर तीच रेघ होती.

"पुन्हा एक्क्याण्णव टक्के," सर म्हणाले आणि कागद घेऊन गेले.

चौघी पास झालो. रडूबाईला पंधरा, वरच्या पाड्याच्या मैत्रिणीला बारा, चुलत बहिणीला अकरा, आणि जिचं मूळ समजलं जात होतं त्या मला नऊ. आता आम्ही तिसऱ्या वर्षाला आहोत, खोली तीच. रडूबाईकडे स्वतःचा मोबाईल आलाय. तरी दुपारी पायऱ्यांवर सावली आली की एकच मोबाईल बाहेर निघतो. एकजण वाचते, आणि बाकीच्या लिहितात.